कर्जाचा साक्षीदार

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

नियतकालिकांविषयी बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी एखाद्या वाङ्मयीन मासिकाबद्दल बोलेन, अशीच सांगणाऱ्यांची अपेक्षा असणार. कवी दुसरं काय बोलणार? 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडलं, त्याची हळहळ आमच्या आधीच्या पिढीतले लोक अजून करतात. पण मी आज ज्या पत्राबद्दल बोलणार आहे त्याचा कवितेशी काही संबंध नाही. ते न्यूयॉर्कचं पत्र आहे. त्याचं नाव 'द बाँड बायर'. मराठीत सांगायचं तर 'रोखे खरेदीदार'. १८९१ साली ते निघालं. टिळक-आगरकरांचा 'केसरी' १८८१चा, म्हणजे हे पत्र केसरीपेक्षा दहा वर्षांनी धाकटं. आणि एवढ्या वर्षांत त्याने विषय बदललेला नाही. अमेरिकेतली राज्यं, शहरं, खेडी, शाळा मंडळं, पाणीपुरवठा मंडळं लोकांकडून कर्ज कसं काढतात आणि ते कसं फेडतात, एवढाच त्याचा विषय.

हा विषय रुक्ष आहे हे मला मान्य आहे. तरी तो मला का ओढतो ते आधी सांगतो. कुराणातली सर्वांत लांब आयत कशाविषयी आहे, असं विचारलं तर बहुतेक लोक प्रार्थना, उपवास, स्वर्ग-नरक अशी उत्तरं देतात. ती आहे कर्जाच्या लिखाणाविषयी. दुसऱ्या अध्यायातली २८२वी आयत. मुदतीचं कर्ज कराल तर लिहून ठेवा, असं ती सांगते. रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं. दोन साक्षीदार ठेवावेत. आणि मजकूर कोणी सांगायचा? तर ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने. तो स्वतः सांगायला असमर्थ असेल तर त्याच्या पालकाने, पण प्रामाणिकपणे. इस्लामला व्याज मान्य नाही आणि रोखे तर व्याजावरच चालतात, तो वाद आज बाजूला ठेवू. मला महत्त्वाची वाटते ती कर्जाभोवतीची व्यवस्था: लिहिणारा, साक्षीदार, आणि देणेकऱ्याच्या वतीने खरं बोलणारा पालक.

आता हीच व्यवस्था एका शहराला लावून बघा. शहर कर्ज काढतं तेव्हा देणेकरी कोण असतो? महापौर नव्हे, आयुक्तही नव्हेत. ते पाच वर्षांत जातात. कर्ज वीस-तीस वर्षांचं असतं. ते फेडतो तो पाणीपट्टी आणि घरपट्टी भरणारा माणूस, आणि त्याची आज पाळण्यात असलेली मुलं. मग या कर्जाचा मजकूर कोण सांगतो, लिहितो कोण आणि साक्षीला कोण असतं? 'बाँड बायर'चा इतिहास म्हणजे या प्रश्नांचा इतिहास आहे.

आधी रोखा म्हणजे काय ते पाहू. समजा, ओहायो राज्यातल्या एका गावाला शाळा बांधायची आहे. एका वर्षाच्या करवसुलीत ती होत नाही. मग गाव वीस वर्षांचं कर्ज काढायचं ठरवतं. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी गावकऱ्यांचं मतदान घ्यावं लागतं. मंजुरी मिळाली की कर्जाचे लहान लहान भाग पाडतात. प्रत्येक भागाचा एक कागद. त्या कागदावर गावाचं वचन असतं की दर सहा महिन्यांनी इतकं व्याज देऊ आणि अमुक तारखेला मुद्दल परत करू. हा कागद म्हणजे रोखा. तो विकत घेणारा गावाला कर्ज देतो. पुढे त्याला पैशांची गरज पडली तर तो हा कागद तिसऱ्याला विकू शकतो.

रोखे विकायचे तर गाव जाहीर नोटीस काढतं. अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी मोहोरबंद बोली स्वीकारू, असं त्या नोटिशीत असतं. पाकिटं उघडली जातात आणि जो सर्वांत कमी व्याजात पैसे द्यायला तयार असेल त्याला रोखे मिळतात. आपल्याकडच्या निविदेसारखीच ही पद्धत आहे.

अडचण अशी होती की ही नोटीस छापून यायची त्या गावातल्या किंवा जिल्ह्यातल्या छोट्या पत्रात. पैसा मात्र न्यूयॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फिया इथल्या पेढ्यांत. ओहायोतल्या गावाला शाळा बांधायची आहे हे न्यूयॉर्कच्या पेढीला कळणार कसं? आणि कळलं नाही तर बोली लावणार कोण? मग गावातलीच एखादी बँक एकटी बोली लावायची आणि व्याज तिला हवं तेवढं घ्यायची.

विल्यम शँक्स नावाच्या पत्रकाराने ही अडचण हेरली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात त्याने 'न्यूयॉर्क हेरल्ड'साठी रणांगणावरून बातम्या पाठवल्या होत्या. १८६६ मध्ये त्या युद्धातल्या सेनापतींच्या आठवणींचं त्याचं पुस्तकही निघालं होतं. तोफांचा आवाज ऐकलेल्या या माणसाने उतारवयात गावोगावच्या कर्जाच्या नोटिशी एका जागी आणणारं दैनिक काढलं. त्याचं जुनं नाव 'द डेली बाँड बायर'. कुठलं गाव, किती कर्ज, कशासाठी, किती मुदतीचं, बोली कधी, आणि बोली झाल्यावर रोखे कोणाला कोणत्या दराने गेले. रोज हेच. आपण वर्तमानपत्राची जी पानं न वाचता उलटतो, त्या जाहीर नोटिशींच्या पानांचंच हे वर्तमानपत्र होतं.

त्या काळी रोखे खरेदी करणारे लोक बिचकलेले होते आणि त्याला कारणही होतं. रेल्वे आपल्या गावावरून जावी म्हणून अमेरिकेतल्या शेकडो गावांनी कर्ज काढून रेल्वे कंपन्यांना पैसे दिले होते. कित्येक ठिकाणी रूळ आलेच नाहीत. १८७३ मध्ये आर्थिक अरिष्ट आलं आणि गावं कर्ज बुडवू लागली. काहींनी न्यायालयात सांगितलं की हे कर्ज काढायचा आम्हाला कायद्याने अधिकारच नव्हता, सबब आम्ही ते देणं लागत नाही. टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहराची गोष्ट तर भयंकर आहे. कर्जाने ते वाकलेलं होतंच. १८७८ मध्ये तिथे पीतज्वराची साथ आली, पाच हजारांहून अधिक माणसं मेली आणि ज्यांना शक्य होतं ते पळून गेले. पुढच्या वर्षी राज्याने मेम्फिसची नगरपालिकाच बरखास्त केली. एका शहराचं शहरपण कागदावरून पुसलं गेलं.

अशा अनुभवांतून एक रिवाज पडला. हे कर्ज कायदेशीर आहे, असा नामांकित वकिलाचा लेखी दाखला असल्याशिवाय पेढ्या रोखे घेईनात. पुढे 'बाँड बायर'ने रोख्यांचे व्यापारी आणि असे वकील यांची एक सूची काढायला सुरुवात केली. तिच्या तांबड्या वेष्टनामुळे तिला 'रेड बुक' म्हणत. त्या सूचीत नाव नसलेल्या वकिलाचा दाखला बाजारात सहसा चालत नसे. म्हणजे सरकारने न नेमलेला हा साक्षीदार, पण कोण विश्वासाचा आणि कोण नाही यात त्याचा शब्द वजनदार झाला.

१९१३ मध्ये अमेरिकेत केंद्राचा आयकर आला. राज्यांच्या आणि शहरांच्या रोख्यांवरच्या व्याजाला त्यातून सूट मिळाली. त्यामुळे श्रीमंतांना हे रोखे आवडू लागले. शहरांना स्वस्तात पैसे मिळू लागले. आज हा बाजार सुमारे ४ लाख कोटी डॉलरचा आहे आणि कर्ज काढणाऱ्या लहानमोठ्या संस्था पन्नास हजारांच्या आसपास आहेत. अमेरिकेतले नळ, गटारं, पूल, शाळा, विमानतळ यांचा मोठा भाग या कागदांवर उभा आहे.

या पत्राने १९१७ पासून एक आकडा द्यायला सुरुवात केली. त्याला वीस रोख्यांचा निर्देशांक म्हणतात. त्यात वीस निवडक राज्यं आणि शहरं धरलेली असतात. त्यांनी आज वीस वर्षांचं कर्ज काढलं तर किती टक्के व्याज द्यावं लागेल, हे जाणत्या व्यापाऱ्यांना विचारतात आणि त्याची सरासरी काढतात. म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार झालेला असेलच असं नाही. हा अंदाज आहे. आपल्याकडे पिकाची आणेवारी आधी नजरेने ठरवतात आणि त्या आकड्यावर शेतसाऱ्याची सूट अवलंबून असते, तसंच काहीसं. दर गुरुवारी हा आकडा यायचा.

या एका आकड्यात अमेरिकेचं विसावं शतक वाचता येतं. फेब्रुवारी १९४६ मध्ये तो १.२९ टक्के होता. महायुद्ध नुकतंच संपलेलं, पैसा स्वस्त. जानेवारी १९८२ मध्ये तो १३.४४ टक्क्यांवर गेला. महागाई रोखण्यासाठी तिथल्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर कडक केले होते. १९४६ मध्ये शाळा बांधणारं गाव आणि १९८२ मध्ये तेवढ्याच पैशांत शाळा बांधणारं गाव यांच्या वार्षिक व्याजात दहापट फरक. मुलं तीच, फळा तोच.

काही राज्यांच्या कायद्यांत कर्जावरच्या व्याजाची कमाल मर्यादा या निर्देशांकाला बांधलेली होती. २०१२ मध्ये सरकारी हिशेबाचे नवे नियम आले. शिक्षक, पोलीस, अग्निशामक यांच्या पेन्शनचं ओझं मोजताना, निधी जिथे अपुरा आहे तिथे वीस वर्षांच्या चांगल्या पतीच्या नगररोख्यांचा दर लावा, असं त्यांनी सांगितलं. अनेक पेन्शन निधी त्यासाठी 'बाँड बायर'चा हाच आकडा वापरू लागले. एखाद्या निवृत्त शिक्षिकेने या पत्राचं नावही ऐकलेलं नसेल. पण तिच्या पेन्शनसाठी निधी किती कमी पडतो आहे, हे सांगणाऱ्या हिशेबात ते बसलेलं आहे.

दुसरा एक आकडा म्हणजे येत्या तीस दिवसांत विक्रीला येणाऱ्या रोख्यांची बेरीज. लासलगावला कांद्याची आवक किती, यावर जसा भाव ठरतो, तसंच हे. रोख्यांची आवक वाढली की खरेदीदार हात आखडतो आणि शहरांना जास्त व्याज मोजावं लागतं.

इथपर्यंत ऐकून वाटेल की हिशेब लिहिला जात होता, साक्षीदार होता, म्हणजे सगळं ठीक चाललं असणार. तसं झालं नाही. १९७५ साली खुद्द न्यूयॉर्क शहर, म्हणजे या पत्राचं स्वतःचं गाव, दिवाळखोरीच्या कड्यावर येऊन उभं राहिलं.

न्यूयॉर्कचं दुखणं असं होतं. रोजच्या खर्चासाठी शहर अल्प मुदतीचं कर्ज काढत होतं. पगारासारखा नेहमीचा खर्च भांडवली खर्चात दाखवत होतं. आणि तारण म्हणून पुढे येणारे कर दाखवत होतं. त्यातले कित्येक कर कधीच वसूल होणार नव्हते. १९७५ पर्यंत हे अल्प मुदतीचं कर्ज सुमारे ६ अब्ज डॉलरवर गेलं. त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत कोणी शहराचा कागद घेईना. ऑक्टोबरमध्ये तर अशी वेळ आली की शिक्षकांच्या पेन्शन निधीने १५ कोटी डॉलरचे रोखे घेण्याचं ऐन वेळी कबूल केलं म्हणून त्या दिवशीची दिवाळखोरी टळली. २९ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी शहराला मदत नाकारणारं भाषण केलं. दुसऱ्या दिवशी 'डेली न्यूज'ने फोर्ड यांनी शहराला 'मरा जाऊन' म्हटल्याचा मथळा छापला. फोर्ड यांच्या तोंडी ते शब्द नव्हते, पण मथळा इतिहासात राहिला. डिसेंबरमध्ये त्याच फोर्ड यांनी शहराला केंद्राचं हंगामी कर्ज देणाऱ्या कायद्यावर सही केली.

तोवर शहराने हजारो कर्मचारी कमी केले होते. जुलैत रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले होते. १८४७ पासून चालत आलेलं शहराच्या महाविद्यालयांतलं मोफत शिक्षण १९७६ मध्ये बंद झालं. गरीब स्थलांतरितांच्या कित्येक पिढ्या तिथे फी न भरता शिकल्या होत्या. कर्जाचा हिशेब चुकीचा लिहिला गेला त्याची किंमत त्यांच्या मागून येणाऱ्या मुलांनी दिली.

१९७७ मध्ये अमेरिकेच्या रोखे बाजार नियंत्रकांचा अहवाल आला. त्यात शहराच्या हिशेबांवर कोरडे ओढलेले होतेच, पण मोठ्या बँकांवरही होते. शहराची खरी अवस्था ठाऊक असून त्यांनी ती सामान्य गुंतवणूकदारांपर्यंत पोहोचवली नाही, असा ठपका होता. मी मघाशी सांगितलेली आयत इथे लागू पडते. देणेकऱ्याच्या पालकाने मजकूर खोटा सांगितला आणि ज्यांना खरं माहीत होतं त्यांनी साक्ष दिली नाही. नोटिशी मात्र नियमाने छापल्या जात होत्या. नोटीस छापली म्हणजे सत्य छापलं असं होत नाही, हा धडा त्या वर्षी मिळाला. १९७५ मध्येच या बाजारासाठी नियम करणारं एक स्वतंत्र मंडळ अमेरिकेत स्थापन झालं.

पुढचा मोठा धक्का १९८३चा. अमेरिकेच्या वायव्येला वॉशिंग्टन राज्यात सार्वजनिक वीजपुरवठा करणाऱ्या एका संस्थेने पाच अणुवीज केंद्रं बांधायला घेतली. खर्च भरमसाट वाढला. विजेची मागणी अंदाजाइतकी वाढली नाही. चौथं आणि पाचवं केंद्र अर्ध्यावर सोडून द्यावं लागलं. त्या दोन केंद्रांसाठी विकलेले २.२५ अब्ज डॉलरचे रोखे बुडाले. ८८ वीज संस्थांनी करार केला होता की वीज मिळो न मिळो, पैसे देऊ. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून १९८३ मध्ये सांगितलं की तसा करार करण्याचा त्यातल्या वॉशिंग्टनमधल्या संस्थांना अधिकारच नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या रेल्वे रोख्यांची गोष्ट पुन्हा घडली. वकिलांचे दाखले होते, पतमापन संस्थांचे चांगले शेरे होते, तरी रोखे बुडाले. ते घेणाऱ्यांत निवृत्त, साधी माणसंही होती. या प्रकल्पाचं स्वप्न ते कर्ज बुडणं असा सगळा प्रवास 'बाँड बायर'ने नंतर लेखमालेतून मांडला. नोटिशी छापणारं पत्र तोवर शोध घेणारंही झालं होतं.

पण हा शोध कोणासाठी? पत्राच्या नावातच उत्तर आहे. 'रोखे खरेदीदार'. 'करदाता' नव्हे, 'नागरिक' नव्हे. त्याची वर्गणी मोठी, वाचक थोडे: पेढ्या, वकील, मोठे निधी, शहरांचे वित्त अधिकारी. शहर बुडेल का, हा त्यांचा प्रश्न असतो आणि तो रास्तही आहे. शहरात राहणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. शहर तरलं, पण माझ्या मुलीचं कॉलेज बंद करून तरलं का, असं तो विचारतो. धनकोचा साक्षीदार आणि ऋणकोचा साक्षीदार एकच असेलच असं नाही.

२०१३ मध्ये हे दोन्ही प्रश्न समोरासमोर आले. १८ जुलैला डेट्रॉईट शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. देणं सुमारे १८ अब्ज डॉलर. एका बाजूला रोखे घेतलेले लोक, दुसऱ्या बाजूला शहराची नोकरी करून निवृत्त झालेले लोक, आणि तिजोरी एक. शेवटी सामान्य कर्मचाऱ्यांची पेन्शन ४.५ टक्क्यांनी कापली गेली आणि महागाईनुसार मिळणारी वाढ थांबली. सर्वांत भक्कम समजल्या जाणाऱ्या रोख्यांनाही डॉलरमागे ७४ सेंटच मिळाले. दोघांनाही झळ लागली. आमच्या तुकोबांनी आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. सावकाराने स्वतः बुडवलेली ती खतं होती, म्हणून त्यातून ऋणको मोकळा झाला. डेट्रॉईटमध्ये बुडवणारा स्वखुशीने बुडवत नव्हता आणि मोकळंही कोणी झालं नाही.

या काळात पत्राचा मूळ धंदाही बदलला. २००९ पासून शहरांनी आपली वित्तीय कागदपत्रं मघाशी सांगितलेल्या मंडळाच्या संकेतस्थळावर टाकायची, असा नियम झाला. तिथे ती कोणीही फुकट पाहू शकतो. शँक्सने ज्या नोटिशी गोळा करण्यासाठी दैनिक काढलं त्या आता घरबसल्या मिळतात. मग पत्राला काम काय उरलं? वाचण्याचं. शेकडो पानांच्या कागदात नेमकं कुठलं वाक्य धोक्याचं आहे, हे सांगणारा माणूस अजून लागतोच. कागद खुला झाला म्हणजे तो समजला असं होत नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. भारतात नगररोखे नवे आहेत. १९९७ मध्ये बंगळुरूने १२५ कोटींचे रोखे काढले, त्यांना राज्याची हमी होती. १९९८ मध्ये अहमदाबादने राज्याच्या हमीशिवाय १०० कोटी उभे केले. तारण म्हणून जकात नाक्यांचं उत्पन्न वेगळं काढून ठेवलं होतं. जकात हा शब्द मला नेहमी थबकवतो. अरबीत ती गरिबांसाठी काढून ठेवायची संपत्ती. मराठीत आणि गुजरातीत येईपर्यंत ती ट्रक अडवणाऱ्या नाक्यावर जाऊन उभी राहिली. पण शहराच्या पाण्यासाठी काढलेल्या कर्जाची हमी तिने दिली, तेव्हा मूळ अर्थाशी थोडी जवळीक झाली असं म्हणायला हरकत नाही. नाशिकने १९९९ मध्ये १०० कोटी आणि नागपूरने २००१ मध्ये ५० कोटी उभे केले. २०१५ मध्ये सेबीने नगररोख्यांचे नियम केले. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने विकले. मुंबई शेअर बाजाराच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर त्यांची बोली झाली. २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडनेही २०० कोटी उभे केले.

अमेरिकेच्या मानाने हे आकडे लहान आहेत, पण वाट तीच आहे. आणि आपल्याकडची एक गोष्ट जास्त नाजूक आहे. ज्या जकातीवर अहमदाबाद आणि नाशिकने विसंबून कर्ज काढलं ती जकात आज नाही. महाराष्ट्रात तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. महापालिकांच्या हातचं मोठं उत्पन्न गेलं आणि राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर त्या अवलंबून राहिल्या. वीस वर्षांचं वचन देणाऱ्याचं उत्पन्न वीस वर्षं तेच राहील, याची खात्री नसते. म्हणून तर साक्षीदार लागतो.

कर्ज काढणं वाईट, असं मला म्हणायचं नाही. ज्या नळाचं पाणी पुढची तीस वर्षं लोक पिणार आहेत, त्याचे पैसे एकाच वर्षाच्या करदात्याने का भरावेत? पुढच्यांनीही आपला वाटा उचलावा, हे न्यायाचंच आहे. फक्त त्यांच्या नावावर काय लिहिलं जातं आहे, ते त्यांना कळेल अशा भाषेत लिहिलेलं असावं. महापालिकेच्या रोख्यांचे माहितीपत्रक इंग्रजीत असतं आणि ते गुंतवणूकदारासाठी असतं. त्यातली मुदत, व्याज, कशासाठी कर्ज, कोणत्या उत्पन्नातून फेड आणि काम कुठवर आलं, या पाच गोष्टी मराठीत एका पानावर दर वर्षी छापल्या तर फारसा खर्च येणार नाही. घरपट्टीच्या बिलामागची कोरी बाजूही पुरेल.

कर्ज, हिशेब, वसूल, बाकी, तारीख हे सगळे शब्द अरबीतून आले आणि मराठीत इतके मुरले की आपल्याला ते परके वाटत नाहीत. बाजारात भाजी घेतानाही आपण ते वापरतो. शहराच्या कर्जाबद्दल विचारायला यापेक्षा अवघड शब्द लागत नाहीत. पुढच्या वेळी घरपट्टी भरायला जाल तेव्हा खिडकीवरच्या माणसाला नाही, तर आपल्या नगरसेवकाला एवढंच विचारा: आपल्या शहरावर कर्ज किती आहे, कशासाठी घेतलं आणि कोणत्या तारखेला फिटणार आहे? त्याला उत्तर आलं नाही, तर शोधून आणायला सांगा. तो आपला पालक आहे, आणि आपल्या वतीने मजकूर सांगण्याचं काम त्याचं आहे.